एनबीएत गेला नाही म्हणजे वाया गेला?

आमच्या क्वेकर्स हिलमध्ये रविवारची दुपार म्हणजे दोन आवाज. एक गवत कापायच्या यंत्राचा आणि दुसरा बास्केटबॉलचा. शेजारच्या घराच्या गॅरेजवर रिंग ठोकलेली आहे आणि तिथला मुलगा जेवण झालं की जो सुरू होतो तो अंधार पडेपर्यंत. धप्, धप्, धप्, मग क्षणभर शांतता, मग रिंगचा खणखणाट. चेंडू नीट आत गेला तर खणखणाट होत नाही, त्यामुळे घरात बसूनही त्याच्या प्रगतीचा हिशेब ठेवता येतो. अस्मादिकांनी तो ठेवलेला आहे. सुधारणा आहे!

ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: सिडनीच्या मध्यापासून साधारण 40 किलोमीटर पश्चिमेला, ब्लॅकटाउनच्या पुढे दोन स्टेशनं. मुंबईकरांना कळेल असं सांगायचं तर ही आमची डोंबिवली. सकाळी गाडी पकडायची, संध्याकाळी परत यायचं, आणि मधल्या वेळात घराचे हप्ते फेडायचे.

तर अशाच एका रविवारी दुपारी पुण्याहून ताईचा फोन आला. तिकडे सकाळच होती. हवापाण्याच्या चौकश्या न करता ताई सरळ मुद्द्यावर आली, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"अरे, ह्याला जरा तू समजाव. तुझं ऐकतो तो. बारावीचं वर्ष आहे आणि म्हणतोय, मला बास्केटबॉलमध्येच करिअर करायचंय."

भाचा सतरा वर्षांचा. उंची सहा फूट एक इंच, जी आमच्या घराण्यात चमत्कार समजली जाते, पण बास्केटबॉलमध्ये बुटकेपणात मोडते. मागून भावोजींचा आवाज आला, "त्याला विचार, आपल्याकडचा एक तरी एनबीएत खेळलाय का?" आणि त्याच्याही मागून भाच्याचा, "मामा, सतनाम सिंगला घेतलं होतं!" "घेतलं होतं. खेळला का?" इति भावोजी. पुढे शांतता. रिंगचा खणखणाटसुद्धा नाही.

मी "विचार करून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये यशस्वी कारकीर्द म्हणजे नेमकं काय?

आधी भावोजींचा हिशेब तपासून पाहू. एनबीएत 30 संघ, प्रत्येक संघात नियमित करारावर 15 खेळाडू, म्हणजे 450 जागा. अख्ख्या जगाच्या मिळून! दर वर्षी ड्राफ्टमध्ये निवडले जातात सुमारे 60, आणि त्यातल्या सगळ्यांना जागा मिळतेच असं नाही. सतनाम सिंग भामरा हा पंजाबातला सात फूट दोन इंचांचा मुलगा 2015 साली डॅलस संघाने 52 व्या क्रमांकावर निवडला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. खालच्या लीगमध्ये टेक्सास लेजेंड्सकडून दोन हंगाम खेळला, तेही फार थोडी मिनिटं. पुढे कॅनडात खेळला, उत्तेजकांच्या चाचणीत सापडून दोन वर्षांची बंदी झाली, आणि आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती करतो. भावोजींच्या मापाने हा माणूस नापास.

पण हे माप खरं मानलं तर एक मोठी पंचाईत होते. ती कळायला ऑस्ट्रेलियात राहावं लागतं.

इथे अँड्र्यू गेझ नावाचा एक खेळाडू होऊन गेला. आपल्याकडे गावसकरांचं जे स्थान, तेच इथल्या बास्केटबॉलमध्ये त्याचं. मेलबर्न टायगर्स ह्या एकाच संघाकडून 1984 ते 2005 असा बावीस हंगाम खेळला. 612 सामने, 18,908 गुण. इथल्या एनबीएलमध्ये सात वेळा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाच ऑलिंपिक खेळला आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशाचा झेंडा त्याच्या हातात होता. आणि एनबीए? दोन वेगवेगळ्या हंगामांत मिळून 26 सामने!

त्याच काळातला दुसरा खेळाडू लूक लाँगली. एनबीएत खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन. मायकेल जॉर्डनच्या शिकागो संघात होता आणि 1996, 97 आणि 98 अशा ओळीने तीन विजेतेपदांच्या अंगठ्या त्याच्याकडे आहेत. भावोजींच्या मापाने लाँगली डिस्टिंक्शनमध्ये आणि गेझ जेमतेम काठावर. पण इथल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला हे सांगून पाहा. उतरवून देईल!

म्हणजे एनबीए हे माप अपुरं आहे. कोण शिखरावर पोचला एवढंच ते सांगतं. ज्याने आयुष्य डोंगरावर काढलं त्याची नोंद त्यात नाही.

आता ताईचं माप. ताईने फोन ठेवताना हळूच विचारलं होतं, "निदान खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी तरी लागेल का रे?" ह्यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या देशात हेच माप वर्षानुवर्षं चालत आलंय. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस, ओएनजीसी, बँका ह्यांनी भारतीय बास्केटबॉल जगवलाय. आपल्या पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळली आणि भारताची कर्णधार झाली. 2017 साली बंगळूरला आशिया चषकाच्या 'ब' गटात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 असं हरवून वरच्या गटात जागा मिळवली, त्या संघात ती होती. कबड्डीचंही 2014 साली प्रो कबड्डी येईपर्यंत हेच होतं. घरच्यांच्या लेखी नोकरीचं पत्र म्हणजेच सुवर्णपदक.

पण ह्या मापातही एक खोट आहे. नोकरी एकदा लागली की ती खेळाबद्दल काही सांगत नाही. त्यानंतर तुम्ही दहा वर्षं घाम गाळलात काय आणि दुसऱ्या वर्षी पोट सुटलं काय, पगार तोच. कित्येक गुणी खेळाडूंचा खेळ नेमका नोकरीच्या पत्रापाशी संपलेला आपण पाहिलाय. कुटुंब यशस्वी झालं, कारकीर्द मात्र तिथेच थांबली.

इथे थोडं स्वतःबद्दल सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

मी इथे पीएच्.डी. करायला आलो तेव्हा माझ्याही घरी दोनच मापं होती. एक म्हणजे प्रोफेसर होणं आणि दुसरं म्हणजे परत येऊन सरकारी प्रयोगशाळेत चिकटणं. मी दोन्ही केलं नाही. पदवीनंतर एक वर्षाचा करार मिळाला, मग आणखी एक, मग दोन वर्षांचा. आज मी संशोधन अभियंता म्हणवतो. धातूंचा थकवा हा माझा विषय. सुट्टीत पुण्याला गेलो की बाबांचे एक स्नेही हमखास विचारतात, "म्हणजे प्रोफेसर नाही ना झालास?" तेवढ्यावर ते थांबत नाहीत, समजूतही घालतात. "असू दे, असू दे. परदेशात आहेस हेच खूप!" ह्या वाक्याने मला जितका थकवा येतो तितका माझ्या कुठल्याही धातूला येत नाही.

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही वाटत होतं की आपण थोडक्यात हुकलो. हे मत ज्या दिवशी बदललं तो दिवस आठवतो. पहिला करार संपायला दोन महिने होते. पहिला करार मला माझ्या मार्गदर्शकांच्या पत्रावर मिळाला होता, म्हणजे माझ्याबद्दलच्या आशेवर. दुसऱ्याच्या वेळी पत्रबित्र काही नव्हतं. ज्यांच्याबरोबर वर्षभर काम केलं त्या यंत्रशाळेतल्या माणसांना साहेबांनी विचारलं, आणि ते म्हणाले, ह्याला ठेवा. बस्स. पगार तितकाच होता, हुद्दा तोच होता. पण हा करार मी काय होईन ह्यावर दिलेला नव्हता. मी काय करतो हे पाहून दिलेला होता.

तेव्हापासून माझं माप एकच झालंय. दुसरा करार.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. धातूचा तुकडा यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढला की त्याची ताकद कळते. पाच मिनिटांचं काम. पण विमानाचा पंख बनवायचा तर तेवढ्याने भागत नाही. त्याच तुकड्याला कमी जोराने, पण लाखो वेळा वाकवून पाहावं लागतं. पहिल्या परीक्षेत वरचढ ठरलेला धातू दुसरीत आधी तुटू शकतो. ड्राफ्ट ही पहिली परीक्षा आहे. कारकीर्द ही दुसरी.

आता ह्या मापाने पुन्हा एकदा यादी तपासू, आणि ह्या वेळी आपल्याच माणसांची.

केरळची गीतू अ‍ॅना जोस. दक्षिण रेल्वेत नोकरी, भारताची कर्णधार. 2006 साली ती मेलबर्नच्या उपनगरातल्या रिंगवुड क्लबकडून तिथल्या 'बिग व्ही' लीगमध्ये खेळायला आली. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक म्हणून खेळणारी पहिली भारतीय महिला. आणि महत्त्वाचं म्हणजे तिला पुन्हा बोलावलं. 2008 पर्यंत ती तिथे खेळली. 2011 साली अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावलं, पण करार मिळाला नाही. भावोजींचं माप लावलं तर 2011 ही तिच्या अपयशाची तारीख. मला विचाराल तर तिच्या यशाची तारीख त्याच्या कितीतरी आधीची आहे. ज्या दिवशी रिंगवुडवाल्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं तो दिवस. शिवाय वाटही मोकळी झाली. 2019 साली केरळचीच जीना पी. एस. त्याच क्लबकडून खेळायला आली.

दुसरा अमृतपाल सिंग. जवळजवळ सात फूट उंच, पंजाबातल्या शेतकरी घरातला, आधी कबड्डी खेळणारा. 2014 साली वुहानला भारताने चीनला 65-58 असं चीनमध्ये जाऊन हरवलं, त्या संघातला. 2017 साली त्याला आमच्या सिडनी किंग्जने घेतलं, आणि तेव्हा किंग्जचा प्रशिक्षक कोण, तर हाच अँड्र्यू गेझ! आमच्या भागातल्या देशी मंडळींत त्या वर्षी भारी उत्साह होता. मीही मध्ये गाडी बदलत ऑलिंपिक पार्कला गेलो. मी गेलो त्या दिवशी तो बराच वेळ बाकावरच होता. मागच्या रांगेत एक काका पूर्ण वेळ "उतारो ना उसको!" असं गेझला हिंदीत सुचवत होते. हंगामभरात त्याला फार थोडी मिनिटं मिळाली आणि किंग्जकडे दुसरा हंगाम मिळाला नाही.

मग तो नापास का? इथे माझ्या मापाचीच परीक्षा होते. किंग्जने दुसऱ्यांदा बोलावलं नाही हे खरं. पण त्याआधी तो जपानमध्ये पैसे घेऊन खेळला होता आणि देशाचा संघ त्याला वर्षामागून वर्षं बोलावत होता. म्हणून दुसरा करार त्याच संघाचा हवा असं नाही. तुमचं काम पाहिलेल्या कोणीतरी, कुठेतरी, पुन्हा बोलावलं पाहिजे.

ही दुरुस्ती करण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते भाच्याला मी मुद्दाम सांगितलं. दुसरा करार नेहमी खेळाडूच्या हातात नसतो. 2008 सालची सिडनीतलीच गोष्ट. किंग्ज अंतिम फेरीत पोचले आणि मेलबर्नकडून 3-2 असे हरले, म्हणजे संघ उत्तम होता. पण संघाच्या मालकाचा धंदा होता फायरपॉवर नावाच्या कंपनीचा, जी पेट्रोलच्या टाकीत टाकायची गोळी विकायची. गोळी टाका आणि इंधन वाचवा! (अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ह्यावर शंका आली असती, पण पैसे गुंतवणाऱ्यांना आली नाही.) कंपनी बुडाली, खेळाडूंचे पगार थकले आणि जून 2008 मध्ये लीगने किंग्जचा परवाना काढून घेतला. सिडनीचा दुसरा संघ वेस्ट सिडनी रेझरबॅक्स, म्हणजे आमच्या पश्चिमेकडच्यांचा. त्याचं नाव बदलून सिडनी स्पिरिट झालं आणि 2009 साली तोही बंद पडला. त्यापुढच्या हंगामात चाळीस लाखांहून जास्त वस्तीच्या ह्या शहरात लीगचा एकही संघ नव्हता. 2010 साली किंग्ज परत आले आणि 2022, 2023 ला विजेतेही ठरले. पण मधल्या काळात ज्यांची पंचविशी-तिशी गेली ती गेलीच. त्यातल्या ज्यांना दुसऱ्या शहरांनी बोलावलं त्यांची कारकीर्द वाचली.

तेव्हा "मेहनत केलीस की सगळं मिळेल" हे वाक्य मी भाच्याला बोललो नाही. ते खरं नाही. धातूतसुद्धा दोष नसताना बोल्ट तुटतात, कारण जोडणी दुसऱ्या कोणीतरी केलेली असते.

शेवटचं उदाहरण लॉरेन जॅक्सनचं. तिच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. डब्ल्यूएनबीएत तीनदा सर्वोत्तम खेळाडू, सिअ‍ॅटलकडून दोन विजेतेपदं. गुडघ्याने दगा दिला आणि 2016 साली ती निवृत्त झाली. 2022 साली महिलांची विश्वचषक स्पर्धा इथे सिडनीत होती. तेव्हा ती 41 वर्षांची, दोन मुलांची आई. तिला पुन्हा संघात घेतलं, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाविरुद्ध तिने 30 गुण केले. एवढे सगळे किताब पदरी असताना ह्या बाईने परत येऊन काय मिळवलं? मला वाटतं, तेच जे मला यंत्रशाळेत मिळालं होतं. "तू अजून कामाची आहेस" हे कामाच्या माणसांच्या तोंडून ऐकणं. (माझी तुलना तिच्याशी केल्याबद्दल क्षमस्व. पण मुद्दा कळला असेल.)

ह्यावर ताईचा एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. "तुझ्याकडे लीग आहे, क्लब आहेत. आपल्याकडे दुसरा करार द्यायला पहिला करार देणारा तर हवा!" बरोबर. 2015 साली सुरू झालेली यूबीए नावाची लीग दोन-तीन वर्षांत थांबली. 2022 साली इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली, पण ती मुळं धरेपर्यंत तिच्या भरवशावर कोणी घर चालवू नये. म्हणूनच मी रेल्वेच्या नोकरीला नावं ठेवत नाही. गीतूचं उदाहरण पाहा, एका हातात रेल्वे आणि दुसऱ्या हातात रिंगवुड. नोकरी ही जमीन आहे. जमिनीशिवाय उडी मारता येत नाही. पण जमिनीवर उभं राहणं म्हणजे उडी नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

शेवटी भाच्याला काय सांगितलं? त्याला म्हणालो, बारावी दे, आणि नीट दे, कारण सहा फूट एक इंचावाल्याला डोकं वापरूनच खेळावं लागतं. त्यानंतर तीन वर्षं कॉलेज करत करत खेळ. एनबीए विसर. दर हंगामाच्या शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचार. ज्यांनी मला ह्या वर्षी खेळताना पाहिलं, त्यातलं कोण मला पुढच्या वर्षी पुन्हा मागतंय? तालुक्याचा क्लब असो, विद्यापीठाचा संघ असो, राज्याची निवड समिती असो. मागणारा दर वर्षी थोडा वरच्या पायरीवरचा असेल तर चालू ठेव. तीन वर्षांत कोणीच पुन्हा विचारलं नाही तर मला फोन कर, आपण दोघं मिळून दुसरं काहीतरी शोधू. आणि तेव्हा लाज वाटून घेऊ नकोस.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे तू हो म्हणतोयस की नाही?"

"मी तीन वर्षांचा करार देतोय. पहिला."

मागून ताई म्हणाली, "हा मामा काही कामाचा नाही." आणि फोन भावोजींकडे गेला. भावोजींनी गेझबद्दल सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते 26 सामने पण एनबीएतच ना?" मी हो म्हणालो. "मग!" म्हणाले. आता ह्यावर काय बोलणार?

असो. शेजारी धप् धप् सुरू झालंय. आज खणखणाट जरा कमी ऐकू येतोय.